आमच्या घरचे फुगे

“विहिरीवर कुणाचीतरी बादली राहिलीय म्हणावं.”

माझी सासू माझ्याशी असं बोलायची. तोंड भिंतीकडं, नाहीतर चुलीकडं, नाहीतर उंबऱ्यावर अंग चाटत बसलेल्या मांजराकडं. शेवटी ‘म्हणावं’ लावायची, जसा काही आमच्या दोघींच्या मध्ये कुणी निरोप्या उभा आहे आणि तो माझ्यापर्यंत पोचवणार आहे. बादली माझीच असायची. मी उठायची, आणायची.

आज मी साठी ओलांडली, तरी भर दुपारी कधी कधी तो आवाज कानात येतो आणि मी उठून उभी राहते.

लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. मी राहुरीकडची, देशावरची. वसईतल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून आले, आणि एसटीच्या डेपोत काम करणारा एक मेकॅनिक अंगठा चेचून घेऊन ड्रेसिंगला आला. अंगठा आठ दिवसांत बरा झाला, तरी तो महिनाभर येत राहिला. तो पास्कल. दोघं ख्रिस्तीच, धर्म एक, चर्च एक, तरी त्याच्या आईच्या लेखी मी परमुलखातली. माझी बोली वेगळी, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी, आणि वाडीतल्या दोन मुली तिनं मनात धरून ठेवल्या होत्या त्यांपैकी मी एकही नव्हते. ती भांडली नाही. लग्नाला आली, आशीर्वाद दिला. फक्त माझं नाव तिनं तोंडात घेतलं नाही. लोकांत बोलताना मी ‘ती नर्स’. घरात मी कुणीच नाही.

कोंबड्यांशी मात्र ती समोरासमोर बोलायची. “ये गं बाय, तुला नाही मिळालं का,” असं म्हणून एकेकीला दाणे टाकायची. मी आत भांडी घासत ऐकायची आणि मला त्या कोंबड्यांचा हेवा वाटायचा. हसू नका. खरंच वाटायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी ती विहिरीच्या ओल्या दगडावर घसरली आणि उजवा हात मनगटाशी मोडला. मीच तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. प्लास्टर चढताना मी तिचा कोपर धरून उभी होते. ती डॉक्टरांना म्हणाली, “त्या नर्सला सांगा, जरा हळू धर.”

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मी हळू धरलं.

आमच्या अंगणाभोवती तीन घरं, तीन भावांची. थोरले इनासबाबा आणि त्यांची बायको इसाबेल, म्हणजे मोठी काकू. मधलं आमचं, सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. तिसरं फिलसू काकूचं, तिचा नवरा बोटीवर. नाताळच्या दुपारी या तिन्ही घरांची चूल एक व्हायची. इनासबाबा डुकराची एक अख्खी मांडी मीठ, सोरा, गूळ आणि मिरी चोळून बारा दिवस मोठ्या बरणीत दगडाखाली दाबून ठेवायचे. रोज सकाळी उलटवायचे, रोज वास घ्यायचे, आणि रोज कुणालातरी बोलावून वास घ्यायला लावायचे. मग ती उकडायची आणि नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यावर तांबूस भाजायची. शहरात त्याला हॅम म्हणतात. अंगणात नुसतं ‘मांडी’.

मांडी इनासबाबांची, पण तिच्या भोवतीची ताटं घराघरांची. आणि नियम असा, की प्रत्येक घराचं ताट टेबलावर आल्याशिवाय बाबा सुरी लावायचे नाहीत. कुणाचं काय, हे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ठरायचं. मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेहून, आलं की साड्या न बदलता सगळ्या जणी मोठ्या काकूच्या ओट्यावर.

“बटाटे माझे,” मोठी काकू म्हणाली. तिच्या मांडीवर शाळेची जुनी वही होती. “मांडीच्या चरबीत परतते, वर मिरी. त्यात कुणी हात घालू नका.”

“पापडीची भाजी?” फिलसू काकूनं विचारलं.

“गेल्या वर्षी कुणी खाल्ली? दुसऱ्या दिवशी म्हशीनं खाल्ली.”

“मग कोबी करते, गाजर घालून. मुलं खातात. आणि लोणचं माझ्याकडचं, आंबोशीचं. मांडीला आंबट पाहिजे.”

“गोड काय?”

“दोदोल.”

“दोदोल नको बाय,” मोठी काकू म्हणाली. “चार तास ढवळायचं, आणि गेल्या वर्षी ह्यांचा दात गेला त्यात.”

“गेला नाही,” आतून इनासबाबा म्हणाले. “हलला.”

“हलला, आणि मग गेला.”

शेवटी गोडाला सुकेळी ठरली. उन्हात वाळवलेली राजेळी केळी, तुपात परतून, वर नारळाचं दाट दूध. त्यावरही वाद झाला, वेलची की जायफळ. वेलची जिंकली. मी ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. माझ्या माहेरी नाताळला करंज्या आणि मटणाचा रस्सा, बस्स. इथं एका मांडीभोवती एवढं राजकारण.

मग मोठ्या काकूची पेन्सिल थांबली. “फुगे,” ती म्हणाली, आणि सगळ्यांची नजर आयच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, प्लास्टरकडं गेली.

फुगे म्हणजे या लोकांचा नाताळचा पाव. मैदा, अंडी, नारळाचं दूध यांचं सैल पीठ ताडी घालून रात्रभर फुगवायचं, मग मुठीत धरून अंगठा आणि बोटाच्या फटीतून गोळा तेलात सोडायचा. तो तेलात टम्म फुगतो आणि आपणहून कूस बदलतो. मांडी फुग्याबरोबरच खातात. आणि या अंगणात फुगे आयचे. एकतीस वर्षं. सासरे गेले त्या वर्षी दफनाला महिनाही झाला नव्हता, तरी तिनं पीठ मळलं होतं, असं पास्कल सांगायचा. रडत मळलं, पण फुगे तसेच हलके.

“या वर्षी माझ्याकडं दे, कातरीन,” मोठी काकू म्हणाली. आवाज मऊ होता.

“नाहीतर बेकरीतून पाव सांगू,” फिलसू काकू म्हणाली. “आदल्या दिवशी आणून ठेवायचे.”

आय अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होती. “आमच्या घरचे फुगे आमच्या घरातनंच येतील.”

“अगं, पण पीठ कोण फेटणार? तासभर फेटायचं असतं. तुझा हात हा असा.”

एक कोंबडी पंख फडफडवून मातीत बसली. मी म्हणाले, “मी करते.”

फिलसू काकू हसली. वाईट नाही हसली, पण हसली. “राहुरीला ताडाचं झाड तरी पाहिलंयस का?”

“चित्रात,” मी म्हणाले.

“मिशनच्या शाळेत वाढलेली पोरगी ताडीला हात लावणार. बघा आता.”

आयनं माझ्याकडं पाहिलं नाही. हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, “इसाबेल, लिही. फुगे, मधलं घर.”

मोठ्या काकूनं लिहिलं. मधलं घर. त्यात मीही आले असेन का?

संध्याकाळी पास्कल सायकलची साखळी बसवत होता. मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले.

“जमले तर?” मी म्हणाले.

“जमले तर खाऊ.”

“तसं नाही. माझे फुगे जर तिच्यासारखे झाले, तर ती बोलेल ना माझ्याशी?”

पास्कलनं काळे झालेले हात पुसले. “सलोमी,” तो म्हणाला, “तू लई आशा लावतेस गं.” त्याला माझी बोली लागली होती, एवढं एक त्या घरात माझं होतं.

पंधरवड्यानं माझा भाऊ येऊन गेला. आईनं दिलेलं गाठोडं घेऊन आला: शेंगदाणे, लसणाची एक वेणी, आणि पायलीभर बाजरी. थंडीत बाजरी खावी, जावयाला करून घाल, असा निरोप. मी बाजरी दळून आणून डब्यात भरली. आय तेव्हा दारात बसली होती.

“बाजरी कोंबड्यांना चांगली, म्हणावं,” ती म्हणाली.

मी डबा फळीवर मागं सरकवला.

चोवीस तारखेला मी रजा घेतली. दुपारी चारच्या सुमाराला पास्कल ताडीचं मडकं घेऊन आला. ताडी पांढरट, वर फेस, आणि फेसात दोन मुंग्या आणि एक अर्धमेली मधमाशी. मी फडक्यानं गाळली.

आय चुलीच्या मागच्या पाटावर बसली होती, डाव्या हातात रोझरीची माळ. सगळं प्रमाण तिनं मला सांगितलं. म्हणजे फळीवरच्या डब्यांना सांगितलं.

“दोन शेर मैद्याला बाटलीभर ताडी, म्हणावं. सहा अंडी. दूध पहिलं, दुसरं नाही. साखर मूठभर, मीठ चिमूट. फेटताना हात एकाच बाजूला फिरवायचा. उलट फिरवला की पीठ रुसतं.”

इतकी वाक्यं तिनं माझ्या दिशेनं कधी टाकली नव्हती. मी एकेक उचलून घेत होते. नारळ खवला, पहिलं दूध पिळलं, अंडी फोडली. आणि मग ताडीकडं बघितलं.

त्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात जुलाब-उलट्यांच्या पेशंटांना खाटा पुरल्या नव्हत्या. जमिनीवर चटया टाकून सलाईन लावली होती. दोन मुलं माझ्या हातात गेली. तेव्हापासून मी उकळल्याशिवाय काही वापरत नव्हते. पाणी उकळायचे, दूध तीनदा उकळायचे, पास्कलचा रुमालसुद्धा उकळायचे. सुया, कात्र्या, चिमटे, आमचं सगळं शिक्षण एका वाक्यात होतं: आधी उकळ, मग हात लाव.

“आय,” मी म्हणाले, “ताडी उकळून घेऊ का? झाडावरनं आलेली, काय काय पडलं असेल त्यात.”

माळेचे मणी सरकत होते. ते थांबले.

मी वाट बघितली. मागं वळून पाहिलं तर आयचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटी छातीवर टेकली होती. म्हातारं माणूस, हात ठणकतोय, आदली रात्र जागून काढलेली. डोळा लागला असेल म्हणून मी आवाज न करता पातेलं चुलीवर चढवलं. ताडीला उकळी आली तसा घरभर गोडसर, आंबूस वास पसरला. चांगली पाच-सात मिनिटं उकळू दिली, पाण्यात पातेलं ठेवून गार केली. पिठात ओतली आणि फेटायला बसले, हात एकाच बाजूला. खांदा भरून आला तरी थांबले नाही. मागं मणी पुन्हा सरकायला लागले होते, ते मला ऐकू आलं आणि बरं वाटलं.

पीठ सासऱ्यांच्या जुन्या पंच्यानं झाकून चुलीच्या उबेला ठेवलं. मध्यरात्रीच्या मिस्सेला मी सगळ्यांबरोबर गेले, बाळ येशूच्या गोठ्यापुढं गुडघे टेकले, आणि देवाचा जन्म झाला त्या रात्री मी त्याच्याकडं पीठ फुगण्याचं मागितलं.

सकाळी पंचा उचलला तर पीठ जसं ठेवलं होतं तसंच. बोट खुपसलं, भोक पडलं, ते तसंच राहिलं. वाटलं, थंडी आहे, वेळ लागत असेल. टोप उन्हात ठेवला, ब्लँकेट गुंडाळलं. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला एक गोळा तेलात सोडून बघितला. तो खाली गेला तो कढईच्या बुडाशी जाऊन बसला.

फिलसू काकू लोणच्याची बरणी घेऊन चालली होती, ती आत डोकावली. तिनं पिठात बोट बुडवून चाटलं. “ताडी शिळी होती?”

“नाही. ताजी होती. मी उकळून घेतली होती.”

तिनं बोट तोंडातच ठेवलं. मग बरणी खाली ठेवली आणि ओट्यावर जाऊन हाक मारली, “इसाबेल, ए इसाबेल, हिनं ताडी उकळली.”

मोठी काकू हातातली पळी घेऊनच आली. मागोमाग तिच्या दोन सुना, मुलं. आधी कुणाला खरं वाटेना, मग सगळ्या हसायला लागल्या. फिलसू काकू तर खांबाला धरून खाली बसली. “अगं, ताडी जिवंत असते म्हणून पीठ फुगतं. हिनं तिचा जीवच घेतला.”

“नर्सबाईंनी इंजेक्शनपण दिलं असेल,” एक सून म्हणाली.

मी टोपाशी उभी होते. हात पिठानं भरलेले, पुसायचं सुचत नव्हतं.

मोठ्या काकूचं हसू आधी थांबलं. ती आत वळली. “कातरीन, तू होतीस ना गं घरात? तू नाही सांगितलंस हिला?”

आय पाटावर बसली होती. माळ हातात, पण मणी सरकत नव्हते.

“डोळा लागला होता माझा,” ती म्हणाली.

मी मान हलवली. “हो, झोपल्या होत्या त्या. त्यांची काही चूक नाही.”

आयनं एकदम वर बघितलं. माझ्याकडं नाही, माझ्या बाजूच्या कढईकडं. मग उठली आणि परसात कोंबड्यांकडं गेली.

बेकरीला कुलूप होतं. बेकरीवाला आमच्याच चर्चचा, तो घरी जेवायला बसला असणार. शेजारच्या आळीत सगळ्यांकडं फुगे होते, पण नाताळच्या दिवशी दुसऱ्याच्या दारी फुगे मागायला जाणं म्हणजे काय, ते मला पास्कलच्या तोंडाकडं बघून कळलं. मोठी काकू म्हणाली, “कालचे चार पाव आहेत माझ्याकडं. तुमच्या ताटात मांड, म्हणजे झालं. ताट रिकामं नको.”

तिनं मायेनं म्हटलं होतं. पण एकतीस वर्षांच्या फुग्यांच्या जागी चार शिळे पाव. परसातून आयचा आवाज येत नव्हता. कोंबड्यांशीही ती बोलत नव्हती.

बाहेर मांडी तयार झाली होती. तांबूस, चकचकीत, लवंगा टोचलेली. इनासबाबांनी सुरीला धार लावली, बटाट्यांचं ताट आलं, कोबीचं आलं, सुकेळी आली, आणि मग बाबा सुरी त्या भाजलेल्या मांडीवर आडवी ठेवून खुर्चीत बसले. “मधल्या घराचं येऊ दे,” ते म्हणाले. “मला घाई नाही.” मुलांना होती. ती टेबलाभोवती घिरट्या घालत होती.

मी हात धुतले. फळीवरचा डबा पुढं ओढला.

“चूल मोठी कर,” मी पास्कलला म्हणाले. त्यानं काही विचारलं नाही, फुंकणी घेऊन बसला.

काठवट नव्हती, परातीतच पीठ घेतलं. गरम पाणी, आणि तळव्याच्या मुळानं रगडलं. बाजरीला चिकटपणा नसतो, तो हातानं आणावा लागतो. पहिली भाकरी कडेला चिरली, दुसरी जमली. थापताना परातीचा जो ठेका असतो, तो त्या घरानं कधी ऐकला नव्हता. मोठ्या काकूच्या सुना दारात येऊन उभ्या राहिल्या. आई थापायची तेव्हा ओठांतल्या ओठांत काही तरी म्हणायची. आठ महिन्यांत मला त्यातलं काही आठवलं नव्हतं, पण हाताला ठेका मिळाला तसे शब्द आले, थोडे तिचे, थोडे माझे:

भाकर थापिते । तिला पदर सुटू दे
परक्या चुलीला गं । माझी ओळख पटू दे

पास्कलनं फुंकणी बाजूला ठेवून माझ्याकडं पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. धुरानं, असं तो म्हणाला.

भाकरी फुगली. तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी केली, तसा तिचा वरचा पदर सुटून वर आला, आणि दारातली सून म्हणाली, “अय्या, फुगली.” मी वीस केल्या, लहान लहान. त्याच तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजले, तांब्याच्या बुडानं रगडले, मीठ घातलं. ताटात भाकऱ्यांची चळत लावली, वाटीत ठेचा. पंच्याखाली झाकून ते ताट मी अंगणात नेलं आणि मांडीच्या शेजारी ठेवलं.

इनासबाबांनी पंचा उचलला. वाफ वर आली. त्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“हे काय?”

“भाकरी, बाबा. बाजरीची. मधल्या घराची.”

त्यांनी सुरी उचलली.

सगळे बसले. प्रार्थना झाली. बाबांनी मांडीचा पातळ काप भाकरीच्या तुकड्यावर ठेवला, त्यावर बोटभर ठेचा लावला आणि तोंडात घातला. सगळं टेबल त्यांच्या जबड्याकडं बघत होतं. ते बराच वेळ चावत राहिले.

“दात शाबूत आहे का?” फिलसू काकूनं विचारलं.

बाबा पाणी प्यायले. “दुसरी आहे?” ते म्हणाले.

मग हात पुढं आले. कुणी चरबीत बुडवून खाल्ली, कुणी बटाट्याबरोबर, मुलांनी सुकेळ्यांचं दूध भाकरीवर ओतून घेतलं, ते बघून मलाच कसंतरी झालं. पण चेष्टा काही थांबली नाही. चेष्टा थांबेल असं ते अंगण नव्हतं.

“ही पण उकळलीय का गं आधी?”

“नाही, हिला नुसतं ड्रेसिंग केलंय.”

“मी तर चर्चमध्ये फादरना सांगणार,” मोठी काकू म्हणाली, “आमच्या अंगणात ताडी उकळणारी सून आलीय. पुढच्या वर्षी पवित्र पाणीसुद्धा उकळून देईल.”

हसता हसता तिला ठसका लागला. मीही हसले. हसणं भाग होतं. या अंगणात आता मरेपर्यंत माझं हेच नाव राहणार, हे मला दिसत होतं.

आय टेबलाच्या टोकाला बसली होती. तिच्या पुढ्यात भाकरी होती, काप होता. फुगा एका हातानं उचलून तोंडात घालता येतो. भाकरीला दोन हात लागतात. ती डाव्या हाताच्या बोटांनी कड तोडायला बघत होती, तर अख्खी भाकरी ताटभर फिरत होती. प्लास्टरनं दाबून धरायला गेली, निसटली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं हात खाली पदरात ठेवून दिला आणि जेवत असल्यासारखी नुसती बसून राहिली.

मी उठून तिच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले. तिची भाकरी घेतली, पदर वेगळा केला, लहान लहान तुकडे केले. मांडीचा काप बारीक केला, एकेक तुकड्यावर ठेवला, वर थोडासाच ठेचा, तिला तिखट सोसत नाही. हॉस्पिटलात मी रोजच कुणाकुणाला भरवायचे, हाताला सवय होती. ताट तिच्या डाव्या हाताशी सरकवलं.

“घ्या, आय.”

तिनं एक तुकडा उचलला. तोंडापर्यंत नेला नाही.

टेबलाच्या त्या टोकाला फिलसू काकू पुन्हा सुरू झाली होती, मधमाशी कशी उकळली, मुंग्या कशा उकळल्या, आणि सगळे पुन्हा हसत होते.

“फिलसू, पुरे,” आय म्हणाली.

फिलसू काकू तोंड उघडं ठेवून थांबली. हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. लांब कुठंतरी चर्चची घंटा वाजत होती. बाबांची सुरी हातातच राहिली.

आयनं तुकडा ताटात परत ठेवला. मग ती वळली. भिंत नव्हती, चूल नव्हती, मांजरही तिथं नव्हतं. तिनं सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं. आठ महिन्यांत मी तिचे डोळे इतक्या जवळून पाहिले नव्हते. ते घारे होते, पास्कलसारखे.

“तू मला विचारलं होतंस,” ती म्हणाली. “उकळू का म्हणून. एक शब्द पुरे होता. मला वाटलं, हिचे फुगे फुगले, तर या घरात मग माझं काय राहिलं.”

तिचा डावा हात माझ्या पिठाळलेल्या मनगटावर आला.

“मी जागी होते, सलोमी.”